पुटिका, प्रतिमान आणि 'कृत्रिम पेशी'

प्रश्न असा आला आहे: मेदरेणूंपासून प्रयोगशाळेत बनवलेल्या ज्या सूक्ष्म, पोकळ रचनांवर पेशीपटलाचा अभ्यास करतात, त्यांना 'बुडबुडे' म्हणावे, 'पेशीची प्रारूपे' म्हणावे की सरळ 'कृत्रिम पेशी'?

माझा कौल 'पटलपुटिका' या शब्दाला. संपुट, नासापुट यांतला 'पुट' म्हणजे पोकळी. त्याचे लघुरूप पुटिका. 'बुडबुडा' ऐकायला गोड, पण बुडबुड्यात हवा असते. पुटिकेच्या आतही पाणी, बाहेरही पाणी, आणि ती टिकते ती त्यामुळेच. फॉस्फोलिपिडच्या, म्हणजे पटल घडवणाऱ्या मेदाच्या, रेणूचे डोके जलस्नेही, दोन शेपट्या जलद्वेषी. पाण्यात शेपट्या एकमेकींकडे वळतात, डोकी दोन्ही अंगांना पाण्याकडे राहतात आणि जेमतेम ४ ते ५ नॅनोमीटर जाडीचा दुहेरी थर तयार होतो. कडा उघडी राहिली तर शेपट्यांना पाणी लागणार, म्हणून थर आपणच वळून मिटतो. मला यातले हेच सर्वांत विलक्षण वाटते: साचा नाही, शिवण नाही, तरी आत आणि बाहेर असा भेद जन्माला येतो.

'प्रारूप' मी टाळेन. कार्यालयीन मराठीत प्रारूप म्हणजे मसुदा. पुढे त्याची अंतिम प्रत निघणार असते. पुटिकेची काही पेशी व्हायची नसते. 'प्रतिमान' चपखल, कारण प्रतिमानात बरेच काही मुद्दाम गाळलेले असते. खऱ्या पेशीपटलात प्रथिनांची इतकी दाटी, की अमुक गुण मेदाचा की प्रथिनाचा हे उमगत नाही. म्हणून आधी निव्वळ मेदाची पुटिका करायची, मग एकच प्रथिन बसवायचे आणि काय बदलले ते पाहायचे. पेशीएवढ्या महापुटिका तर साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसतात.

'कृत्रिम पेशी'चा मोह मी समजू शकतो. २००४ साली न्वारो आणि लिबशाबेर या शास्त्रज्ञांनी ई. कोलाय जीवाणूंचा अर्क पुटिकांत भरला. आत प्रथिने बनू लागली. त्यांतल्याच एकाने पटलाला छिद्रे पाडली, त्यांतून पोषक रेणू आत आले आणि हे काम ४ दिवसांपर्यंत चालले. पण प्रथिने घडवणारी यंत्रणा जीवाणूची होती, आणि दुभंगून आपल्यासारखी दुसरी घडवणे त्या पुटिकेला जमत नव्हते. अशांना 'पेशीसदृश पुटिका' म्हणावे.

औषध वाहून नेणाऱ्या पुटिकांसाठी 'लायपोसोम' रुळला आहे. तो तसाच राहू द्यावा.