तुघलकाने खरंच अख्खी दिल्ली दौलताबादला हलवली होती का?

तुम्ही विचारलंय की मुहम्मद बिन तुघलकाने दिल्लीतला एकूण एक माणूस हाकलत देवगिरीला, म्हणजेच दौलताबादला, आणला हे खरं का, आणि तो वेडा होता का. दोन्हीला माझं उत्तर नाही असंच आहे, पण म्हणून तो चांगला माणूस होता असंही नाही, ते पुढे येतंच.

आधी बघा की ही गोष्ट आपल्याला सांगितली कोणी. त्या आंधळ्या माणसाची गोष्ट, ज्याला फरफटत आणलं आणि दौलताबादला फक्त पाय पोचला, ती मोरोक्कोहून आलेला प्रवासी इब्न बतूता याची. तो दिल्लीत आला 1334 च्या सुमारास, आणि राजधानी हलवली 1327 ला, म्हणजे त्याने हे ऐकून लिहिलंय. दुसरा इसामी, त्याच काळातला फारसी कवी-इतिहासकार. त्याचे 90 वर्षांचे आजोबा या प्रवासात पहिल्याच मुक्कामाला, तिलपतला वारले, त्यामुळे त्याचा राग अगदी खरा आहे, पण त्याने ग्रंथ लिहिला तो तुघलकाविरुद्ध बंड करून गादीवर बसलेल्या बहमन शाहच्या आश्रयाला राहून, हेही लक्षात ठेवायला हवं.

आता उलट पुरावा बघा. दिल्लीजवळच्या सरबन गावात 1328 चा संस्कृत शिलालेख सापडलाय, व्यापाऱ्यांनी विहीर खोदली त्याचा, आणि त्यात हरियाणा देश म्हणजे पृथ्वीवरचा स्वर्ग असं कौतुक आहे. गाव ओस पडलेलं असताना कोण विहिरी खोदेल हो? टांकसाळही दिल्लीत चालूच होती, त्या वर्षांतली नाणी दिल्लीचीही मिळतात आणि दौलताबादचीही. हलवले ते मुख्यतः दरबारी, सरदार, उलेमा (धर्मपंडित), सूफी आणि त्यांचा गोतावळा. सामान्य रयत बरीचशी जागेवरच राहिली असं मला वाटतं. पण ज्यांना नेलं त्यांचे हाल झालेच, चाळीस दिवसांची वाट होती ती.

कारण काय, तर दख्खन हातातून जात होतं. सुलतानाचा आतेभाऊ बहाउद्दीन गुर्शास्प याने सागरला (आताचं कर्नाटक) बंड केलं, ते मोडायला फौज पाठवावी लागली आणि दिल्लीत बसून इकडचा कारभार होत नाही हे सुलतानाला कळलं. त्या गुर्शास्पची जिवंतपणी कातडी सोलली. म्हणून म्हणतो, वेडा नव्हता म्हणजे दयाळू होता असं कोणी समजू नका, क्रूरपणा पुरेपूर होता.

त्याने चांदीच्या नाण्याच्या मोलाने चालवलेल्या तांब्या-पितळेच्या नाण्यांचं पण तसंच, आयडिया मूर्खपणाची नव्हती. चीनमध्ये कुबलाई खानाने कागदी नोटा चालवून दाखवल्या होत्या. चुकलं ते हे, की नाण्यावर असं काहीच नव्हतं जे गावच्या कारागिराला घरी पाडता येणार नाही. मी एका संग्राहकाकडे असं एक नाणं हातात घेऊन पाहिलंय, साधं पिवळट पितळ, आणि त्यावर मजकूर काय, तर जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो ईश्वराची आज्ञा पाळतो. लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून धर्माची शपथ घालायची आणि नकली ओळखायची सोयच ठेवायची नाही! घरोघरी टांकसाळी झाल्या असं त्या काळचा इतिहासकार बरनी लिहितो, त्यात अतिशयोक्ती धरली तरी शेवटी खजिन्यातून चांदी देऊन ही नाणी परत घ्यावी लागली आणि तुघलकाबादला त्यांचे ढीग पडले.

आणि आपल्याकडे जे राहिलं त्याबद्दल कोणी बोलतच नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. दिल्लीला परत जायची मुभा मिळाली तरी सगळे गेले नाहीत. 1347 ला दख्खनमधल्या सरदारांनी दौलताबादलाच बहमनी राज्य उभं केलं, आणि दख्खनी बोलीच्या घडणीतही दिल्लीहून आलेल्या या लोकांचा मोठा वाटा आहे. वेरूळला जाल तेव्हा जवळच खुलताबादला थांबा. बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचा दर्गा तिथे आहे, दिल्लीचे सूफी संत निजामुद्दीन औलिया यांचे शिष्य, दिल्लीहून आले आणि 1337 ला इथेच वारले. त्याच गावात अमीर हसन सिज्झीची कबर आहे, फारसीतला केवढा मोठा कवी, अमीर खुसरोचा दोस्त. खुसरो दिल्लीत आपल्या गुरूच्या पायाशी आहे, आणि हा त्याच गुरूचा शिष्य इकडे मराठवाड्यात. मी गेलो तेव्हा हसनच्या कबरीपाशी एकही माणूस नव्हता.