'वसाहतवादी महापौर' आणि 'दिवाळखोर व्यापारी': दोन प्रत्ययांविषयी

सिडनीचे पहिले महापौर जॉन हॉस्किंग यांच्यावरील टिपणात 'वसाहतवादी महापौर व उद्योजक' असे म्हणावे का, आणि पुढे त्यांना 'दिवाळखोर' म्हटलेले चालेल का, अशी विचारणा आहे. माझ्या मते यातला 'महापौर' हा एवढाच शब्द निर्धास्तपणे ठेवावा.

'-वादी' हा प्रत्यय मत सांगतो. समाजवादी माणूस समाजवाद मानतो, त्याचप्रमाणे वसाहतवादी माणूस इतरांच्या भूमीवर सत्ता प्रस्थापित करण्याचे धोरण मानतो किंवा राबवतो. 'कलोनियल मेयर' या मूळ इंग्रजी शब्दप्रयोगात मात्र मताचा उल्लेख नसून केवळ स्थळकाळाचा आहे. हॉस्किंग यांच्यावर वसाहतवादाचा आरोप करायचा असेल तर तो पुराव्यासह वेगळ्या वाक्यात करावा; विशेषणाच्या शेपटातून तो नकळत होऊ नये.

मग 'वसाहती महापौर' म्हणावे का? व्याकरणाला ते चालेल, पण वाचणाऱ्याला ते 'वसाहत'चे अनेकवचन वाटेल. 'वसाहतीचे महापौर' म्हटले, तर पोलीस वसाहत आणि औद्योगिक वसाहत रोज ऐकणाऱ्या आपल्या कानांना एखाद्या गृहसंकुलाचा कारभारी आठवेल. शिवाय ते वस्तुस्थितीलाही धरून नाही, कारण न्यू साउथ वेल्स या वसाहतीचा कारभार तेव्हा गव्हर्नर जॉर्ज गिप्स यांच्याकडे होता आणि हॉस्किंग केवळ सिडनी शहराचे महापौर होते. म्हणून 'न्यू साउथ वेल्स या ब्रिटिश वसाहतीतील सिडनी शहराचे पहिले महापौर' असे सविस्तर लिहावे. लांबते, पण चुकत नाही.

'महापौर' हा सावरकरांनी रूढ केलेला शब्द 1842 सालच्या माणसाला लावण्यात कालविपर्यास नाही, कारण आपण पदाचे भाषांतर करत आहोत. सिडनीत त्या वर्षी नगरपरिषद स्थापन झाली, नोव्हेंबरात पहिली निवडणूक झाली आणि निवडून आलेल्या सदस्यांनी हॉस्किंग यांना महापौर केले. ही रीत आपल्याकडच्या महापौराच्या निवडीशी जुळणारीच आहे. त्यांना 'लॉर्ड मेयर' मात्र म्हणू नये, ती उपाधी सिडनीला 1902 साली मिळाली. (याच्या उलट चूक आपण घरी करतो: फिरोजशहा मेहता मुंबई महापालिकेचे अध्यक्ष होते, पण लिहिताना सर्रास महापौर होतात. मुंबईत हे पदनाम 1931 पासूनचे.)

'उद्योजक' या शब्दाला आज नवा उपक्रम उभारणाऱ्याचा वास आहे. हॉस्किंग हे एका शिक्षकाचे पुत्र. शिक्षा होऊन ऑस्ट्रेलियात आलेल्या आणि पुढे गडगंज श्रीमंत झालेल्या सॅम्युएल टेरी यांचे ते जावई, आणि 'ह्यूज अँड हॉस्किंग' या पेढीतले भागीदार. त्यांना 'व्यापारी' हाच शब्द शोभतो, आणि 'पेढी' शेजारी तो बरा दिसतो.

आता 'दिवाळखोर'. 1843 च्या मंदीत बँक ऑफ ऑस्ट्रेलिया कोसळली, तिची मोठी कर्जदार असलेली ही पेढीही बुडाली आणि हॉस्किंग यांना त्याच वर्षी महापौरपद सोडावे लागले. चुगलखोर, भांडखोर, लाचखोर या शब्दांत '-खोर' प्रत्यय सवय दाखवतो, खोड दाखवतो. 'दिवाळखोर' शब्दातही त्या संगतीने दोषाची छटा येते, मग कायद्याच्या भाषेत तो कितीही निर्विकार असो. घटना सांगायची तर 'पेढीचे दिवाळे निघाले' असे लिहावे. व्यक्तीची कायदेशीर स्थिती सांगायची तर 'नादार' हा जुना शब्द अधिक नेमका आहे, पण 'नादारी' म्हटल्यावर शाळेची फीमाफी आठवणारी पिढी अजून आहे, तेव्हा संदर्भ स्पष्ट ठेवावा.

हा भेद हॉस्किंग यांच्या बाबतीत विशेष महत्त्वाचा आहे. त्यांनी पुढे 1850 च्या दशकात सिडनीच्या व्हॉक्लूज भागात समुद्रालगत 'करारा' हा प्रशस्त बंगला बांधला. 'दिवाळखोर हॉस्किंग यांनी बंगला बांधला' या वाक्यात लबाडीचा संशय येतो. 'दिवाळे निघाल्यानंतर दहा-बारा वर्षांनी हॉस्किंग यांनी बंगला बांधला' या वाक्यात तो येत नाही.