स्मरणपत्रांनी मुदत थांबत नाही : रेल्वे पेन्शन, कार्यालय आणि कॅट

तुमची पोस्ट दोनदा वाचली. वडील रेल्वेच्या सोलापूर विभागातून क गटाच्या पदावरून ३० जून २०२० रोजी निवृत्त झाले. जाताना वेतननिश्चिती खाली आणली, ग्रॅच्युइटीतून २ लाख ४० हजार कापले आणि पेन्शन दरमहा १,९०० रुपयांनी कमी बसली. ऑगस्ट २०२० मध्ये पहिला अर्ज, त्यानंतर सात स्मरणपत्रे, एकदा तक्रार पोर्टल, एकदा राष्ट्रपती भवन. आता कुणी म्हणतंय जिल्हा न्यायालयात दावा लावा, कुणी म्हणतंय कोल्हापूरला जा. आमच्या घरातलं प्रकरण याच वाटेने गेलं होतं, म्हणून सविस्तर लिहितो. मी वकील नाही. सेवाविषयक प्रकरणं चालवणाऱ्या वकिलाला कागद दाखवल्याशिवाय काही दाखल करू नका.

सगळ्यात महाग पडतात ती स्मरणपत्रं. अर्ज आत पडून आहे म्हणजे प्रकरण जिवंत आहे, असं आपण धरून चालतो. कायदा तसं धरत नाही. केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठीचं न्यायाधिकरण, म्हणजे कॅट, १९८५ च्या प्रशासकीय न्यायाधिकरण कायद्यावर चालतं. त्याची कलमं २० आणि २१ एकत्र वाचा. आधी कार्यालयाकडे दाद मागायची. अंतिम आदेश मिळाला तर तिथून एक वर्ष. उत्तरच आलं नाही तर सहा महिने वाट बघायची आणि ते संपल्यापासून एक वर्ष. म्हणजे पहिल्या अर्जापासून सगळे मिळून दीड वर्ष. दुसरं, तिसरं, सातवं स्मरणपत्र हे घड्याळ मागे नेत नाही. एस. एस. राठोड प्रकरणात १९८९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी हे स्पष्ट केलेलं आहे. तुमच्या बाबतीत कोविडकाळाची सवलत धरली, म्हणजे २८ फेब्रुवारी २०२२ पर्यंतचा काळ वगळला, तरी फेब्रुवारी २०२३ च्या अखेरीस मुदत संपली.

आम्हाला एका कार्यालयाने दर वेळी ‘प्रकरण विचाराधीन आहे’ असं सहीशिक्क्यानिशी लिहून दिलं. त्या पत्रांच्या भरवशावर मुदत गेली, आणि पुढे त्याच कार्यालयाने ‘अर्ज मुदतबाह्य आहे’ हा पहिला आक्षेप घेतला. याचा राग अजून जात नाही. ‘विचाराधीन’ हे उत्तरच नव्हे. ते पत्र काढणाऱ्या टेबलाला निर्णयाचा अधिकार नसतो. वेतननिश्चितीची फाइल पर्सोनेलकडून अकाउंट्सकडे तपासणीला जाते आणि तिथला शेरा बदलल्याशिवाय खाली काहीही बदलत नाही.

राष्ट्रपती भवनाचं पत्र फिरून त्याच टेबलावर का आलं, असं तुम्ही विचारलंय. राज्यघटनेच्या अनुच्छेद ७७ प्रमाणे केंद्राचा सगळा कारभार राष्ट्रपतींच्या नावाने चालतो, पण निर्णय ज्या त्या मंत्रालयाचा. त्यामुळे पत्र रेल्वे मंत्रालयाकडे, तिथून झोनकडे, झोनकडून विभागाकडे उतरतं. पोर्टलचंही तेच. ही सगळी एकाच वाड्याची दारं आहेत. कुठूनही आत गेलात तरी माजघर तेच. पेन्शन अदालतीच्या नावात अदालत असली तरी तीही कार्यालयच भरवतं. हिशेबाची साधी चूक असेल तर तिथे काम होतं, जरूर जा. पण नियमाचा अर्थ लावण्यावरून वाद असेल तर ती तारीख धरून बसू नका, तिच्यामुळे मुदत वाढत नाही.

जिल्हा न्यायालयाचा विचार सोडा. सेवेच्या बाबतीत दिवाणी न्यायालयाचा अधिकार १९८५ च्या त्याच न्यायाधिकरण कायद्याच्या कलम २८ ने काढून घेतला आहे. कोल्हापूरचं म्हणाल तर मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच तिथे १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे आणि सोलापूर जिल्हा त्यात येतो, हे खरं. पण सर्वोच्च न्यायालयाच्या एल. चंद्रकुमार निकालापासून, म्हणजे १९९७ पासून, आधी कॅट आणि कॅटच्या निकालावर उच्च न्यायालयाचं दोन न्यायाधीशांचं खंडपीठ, असाच क्रम आहे. थेट गेलात तर ‘आधी कॅटकडे जा’ एवढं ऐकून परत याल. तेव्हा अर्ज कॅटच्या मुंबई खंडपीठात.

मुदत गेली म्हणून सगळं गेलं, असं मात्र नाही. तुमच्या मागण्या दोन आहेत, त्या वेगळ्या लिहा.

पहिली कमी पेन्शनची. दर महिन्याला कमी रक्कम मिळते म्हणून ही सतत चालू राहणारी चूक धरली जाते. सर्वोच्च न्यायालयाचं तरसेम सिंग प्रकरण, २००८, हेच सांगतं. पण थकबाकी साधारणपणे अर्ज दाखल केल्याच्या मागच्या तीन वर्षांचीच मिळते. जानेवारी २०२६ मध्ये अर्ज गेला असं धरलं तर जुलै २०२० ते डिसेंबर २०२२ हे ३० महिने बुडाले. १,९०० च्या हिशेबाने ५७,००० रुपये, महागाई भत्ता वेगळा. त्यापुढे उशीर होईल तसा दर महिन्याला मागचा एक महिना गळत जातो.

दुसरी ग्रॅच्युइटीतल्या कपातीची. ती एकदाच घडलेली गोष्ट, म्हणून तिच्यासाठी विलंब माफीचा अर्ज प्रतिज्ञापत्रासह जोडावाच लागेल, आणि ‘पत्रव्यवहार चालू होता’ एवढं कारण पुरत नाही. आजारपण, मागूनही कागद न मिळणं, जे खरं असेल ते तारखांसह लिहा. मुद्द्यावर मात्र बाजू चांगली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या रफिक मसीह निकालाने (डिसेंबर २०१४) क आणि ड गटातल्यांकडून, तसंच निवृत्त किंवा वर्षभरात निवृत्त होणाऱ्यांकडून जादा दिलेल्या पगाराची वसुली करायला मनाई केली आहे, आणि केंद्राच्या कार्मिक विभागाने २ मार्च २०१६ रोजी त्यावर परिपत्रकही काढलं आहे. दोन गोष्टी मात्र तपासा. वडिलांनी पूर्वी कधी ‘जादा रक्कम परत करीन’ असं हमीपत्र दिलं होतं का? जगदेव सिंग निकाल (२०१६) त्यावरच फिरला, हमीपत्र होतं म्हणून वसुली कायम राहिली. आणि रफिक मसीह निकाल फक्त वसुली अडवतो. वेतननिश्चिती खरोखरच चुकलेली असेल तर पेन्शन पुढे कमीच राहील.

आता मागणी कशी लिहायची. माझं मत ठाम आहे: ‘आमच्या निवेदनावर विचार करण्याचा आदेश द्यावा’ एवढीच मागणी कधीही करू नका. असा आदेश पटकन मिळतो, म्हणून तो मोहात पाडतो. कार्यालय आठ आठवड्यांत ‘विचार केला, मान्य नाही’ असं दोन पानी लिहून देतं आणि आदेश पाळला गेला! मग अवमान अर्जही चालत नाही. शिवाय सी. जेकब प्रकरणात (२००८) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की, अशा नकाराने मेलेला दावा जिवंत होत नाही. तेव्हा वसुलीचा आदेश रद्द करा, रक्कम व्याजासह परत करा, पेन्शन अमुक वेतनावर निश्चित करा, अमुक दिवसांत द्या, असं आकड्यांनिशी मागा. निकाल हाती आला तरी पैसे कार्यालयानेच द्यायचे असतात. पाळलं नाही तर अवमानाच्या अर्जाला एक वर्षाची मुदत आहे. तिथेही स्मरणपत्रांत वर्ष घालवू नका.

कागदांसाठी माहिती अधिकार वापरा: सेवापुस्तक, वेतननिश्चितीचा तक्ता, अकाउंट्सचा शेरा असलेल्या टिप्पणीची प्रत. ‘का कापले’ असं विचारू नका, कागद मागा. फी १० रुपये, पण हे केंद्राचं कार्यालय आहे. राज्याच्या कार्यालयांत चालणारं कोर्ट फी तिकीट इथे चालत नाही. पोस्टल ऑर्डर जोडा किंवा केंद्राच्या पोर्टलवर ऑनलाइन भरा. ३० दिवसांत उत्तर नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. याची वाट बघत कॅटचा अर्ज मात्र थांबवू नका, कागद मागाहूनही जोडता येतात.

अर्जदार वडीलच, सह्या त्यांच्या लागतील, मुलाच्या चालणार नाहीत. प्रतिवादीत ‘भारत सरकार, तर्फे महाव्यवस्थापक, मध्य रेल्वे’ हे नाव हवंच, नुसतं विभागीय कार्यालय लिहून भागत नाही.

वसुलीचा लेखी आदेश हातात आहे का, की फक्त हिशेबाच्या कागदावर कपात दिसते? आणि पहिल्या अर्जाची पोच, आवक क्रमांकासह, जपून ठेवली आहे का? एवढं बघून इथेच लिहा.