बुद्धिबळ की बायोलॉजी?

दहावीचा निकाल लागला की हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. “मॅडम, मुलगी बुद्धिबळात चांगली आहे. सायन्स घेऊ द्यायचं की खेळावरच भर द्यायचा?”

मुक्ताचे (नाव बदललंय) बाबा तर पुरावा घेऊनच आले होते. नॉर्मसाठी, म्हणजे किताबासाठी लागणाऱ्या स्पर्धेतल्या ठरावीक कामगिरीसाठी, ते तिला बुडापेस्टच्या ‘फर्स्ट सॅटर्डे’ स्पर्धेला घेऊन गेले होते आणि हंगेरी त्यांच्या डोक्यात बसली होती.

“पोल्गार बहिणींना वडिलांनी घरीच शिकवलं. जुदित १९९१ मध्ये, पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर. सर्वांत लहान वयात ग्रँडमास्टर होण्याचा बॉबी फिशरचा विक्रम मोडला! दोन डगरींवर पाय ठेवून हे जमतं का?”

“खेळाडूची ताकद आकड्यात मांडणाऱ्या ज्या रेटिंगपायी तुमची झोप उडते,” मी म्हटलं, “त्याची पद्धत बसवणारे अर्पाद एलो मूळचे हंगेरीचेच. अमेरिकेत भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते आणि आठ वेळा विस्कॉन्सिनचे विजेतेही. मॉस्कोची ओल्गा रुब्त्सोवा इंजिनिअर, पाच मुलांची आई. १९५६ ला महिला जगज्जेती झाली आणि पुढे पोस्टाने खेळायच्या बुद्धिबळातही महिलांमधली पहिली जगज्जेती.”

उदाहरणाला उदाहरण दिलं की वडील गप्प बसतात, पटत मात्र नाही.

मग मुक्ताशी एकटीशी बोलले. ‘तुला काय हवंय?’ असं या मुलांना मी विचारतच नाही. ‘काहीही चालेल’ हे उत्तर ठरलेलं.

“हरल्यावर गाडीत काय होतं गं?”

“बाबा डाव समजावतात. कुठे चुकलं ते.”

“आणि जिंकल्यावर?”

“तेव्हाही डावच.” बाटलीचं झाकण ती उघडत होती, लावत होती. “मला बायोलॉजी आवडतं, मॅडम. पण बुद्धिबळ कमी केलं तर बाबा माझ्याशी कशावर बोलणार?”

मुलाची चिंता मी आधी घरात शोधते, मग मुलात. इतक्या वर्षांत ही सवय क्वचितच चुकली आहे. अकरावीच्या फॉर्मवरचा घोळ इथे कळला: शाखा बदलली की वडील हातचे जातील, ही भीती. वर्षवर्ष ‘करिअर’वर डोकेफोड करणाऱ्या घरांत असंच काहीतरी अडकलेलं असतं.

पुढच्या भेटीत तिने हे बाबांसमोर सांगितलं. ते दुखावले.

“मी कधी म्हटलं, बोलणार नाही म्हणून?”

“म्हटलं नाहीत. पण दुसरं काही बोललातही नाहीत.”

बराच वेळ कोणीच बोललं नाही. मीही मध्ये पडले नाही.

पालकांनो, आवडत असेल तर सायन्स खुशाल घेऊ द्या. स्पर्धा कमी झाल्या तरी नुसतं न खेळल्याने फिडेचं (जागतिक बुद्धिबळ महासंघाचं) रेटिंग घटत नाही, आणि मिळालेला किताब आयुष्यभराचा असतो. सुट्टीत एखादी स्पर्धा ठेवा. ती कोणती, हे मुलीला ठरवू दे.

मुक्ताच्या बाबांना मी एकच गृहपाठ दिला: महिनाभर गाडीत डावाचा विषय काढायचा नाही.

“मग बोलायचं काय?” त्यांनी अगदी मनापासून विचारलं.

“तेच तर शोधायचंय,” मी म्हटलं.