क्लास ए सीडीएल: जोडगाडीच्या परीक्षेआधी

अमेरिकेत ट्रॅक्टर-ट्रेलर चालवायचा तर क्लास ए सीडीएल हा व्यावसायिक चालक परवाना लागतो; त्यातला जोडगाडीचा (ट्रॅक्टर आणि ट्रेलर मिळून) लेखी पेपर नुसत्या पाठांतरावर काढू नकोस. एअर लाइन्स, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकला हवा नेणाऱ्या नळ्या, हातात घेऊन बघ: लाल इमर्जन्सीची (टाक्यांना हवा पुरवणारी), निळी सर्व्हिसची (पेडलने ब्रेक लावणारी). अदलाबदल झाली की ट्रेलरच्या हवेच्या टाक्या भरत नाहीत, स्प्रिंग ब्रेक (पार्किंग ब्रेक) सुटत नाहीत.

सगळ्यात जास्त वेळ जोडणीला दे. खट् आवाज आला म्हणजे जोडलं गेलं, असं कधीच धरू नकोस. हळूच पुढे ओढून बघ, गाडी नीट उभी कर, मग टॉर्च घेऊन ट्रेलरखाली वाक. फिफ्थ व्हील (ट्रॅक्टरवरची, ट्रेलर टेकतो ती तबकडी) आणि ट्रेलरमध्ये फट नको, तिचे जबडे किंगपिनच्या (ट्रेलरखालच्या जाड खिळीच्या) मानेभोवती मिटलेले हवेत.

हवागळतीचे आकडे मात्र तोंडपाठच हवेत. इंजिन बंद, ब्रेक सोडलेले असताना मिनिटाला 3 पीएसआयपेक्षा (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं एकक) कमी. ब्रेकचं पेडल दाबून धरल्यावर जास्तीत जास्त 4.