वाचक विचारतात : मुद्रांक होता, विकणारा नव्हता

प्रश्न : ब्रिटिश पार्लमेंटने १७६५मध्ये लावलेला मुद्रांक कर अमेरिकेतल्या वसाहतींनी हाणून पाडला, असं शाळेत शिकलो. पण तिकीट न लावता व्यवहार चालले कसे?

उत्तर : पोस्टाचं तिकीट डोळ्यांसमोर आणू नका, चिकटवायची तिकिटं तेव्हा निघालीच नव्हती. हा आपल्या स्टॅम्प पेपरसारखा प्रकार. लंडनमध्ये उठावाचा (दाबून उमटवलेला) शिक्का मारलेला कागद जहाजाने यायचा आणि नेमलेल्या वितरकाकडूनच घ्यायचा. चर्मपत्रावर उठाव टिकत नसे, म्हणून त्यावर निळ्या कागदाचा तुकडा जोडून शिक्का मारत. दावे, करारपत्रं, जहाजांची कागदपत्रं, वर्तमानपत्रं, सगळ्यांना हा कर. खेळायच्या पत्त्यांच्या कॅटला १ शिलिंग, पदवीपत्राला २ पौंड, वर्तमानपत्रातल्या प्रत्येक जाहिरातीला २ शिलिंग. कायदा मोडणाऱ्यावर ज्यूरी नसलेल्या सागरी न्यायालयात खटला भरता येई, आणि हे लोकांना कराइतकंच झोंबलं.

म्हणजे सगळी मदार मूठभर वितरकांवर. विरोधकांनी नेमकं तेच हेरलं. १४ ऑगस्ट १७६५ला बोस्टनमध्ये वितरक अँड्र्यू ऑलिव्हरचा पुतळा एल्मच्या झाडाला टांगला गेला. संध्याकाळी जमावाने त्याच्या नव्या इमारतीचा चुराडा केला; हेच मुद्रांकाचं कार्यालय होणार, असा लोकांचा समज होता. दुसऱ्याच दिवशी त्याने पद सोडण्याचं कबूल केलं. मग एकेका वसाहतीतल्या वितरकांनी राजीनामे दिले. १ नोव्हेंबरला कायदा लागू झाला तेव्हा कागद होता, विकायला माणूस नव्हता. काही काळ थोडीफार विक्री झाली ती जॉर्जियात.

जमावाच्या दडपणाचं हे हत्यार उलटूही शकत होतं. २६ ऑगस्टला जमावाने लेफ्टनंट गव्हर्नर थॉमस हचिन्सन यांचं घर लुटून उद्ध्वस्त केलं. हा कर लावू नये असं त्यांचंही मत होतं! शहराच्या सभेने दुसऱ्याच दिवशी या प्रकाराचा निषेध केला.

आता व्यवहारांचं. बऱ्याच ठिकाणी दिवाणी न्यायालयं बंद पडली आणि सावकारांची वसुली अडकली. बंदरांत माल सडू लागला, तेव्हा जकात अधिकारी ‘मुद्रांकित कागद मिळत नाही’ असा दाखला जोडून जहाजं सोडू लागले. काही वर्तमानपत्रं थांबली, काही मुद्रकाचं नाव न छापता निघाली.

प्रश्न : मग पार्लमेंटने माघार का घेतली? सभा-ठरावांमुळे?

उत्तर : ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कला ९ वसाहतींचे प्रतिनिधी जमले, त्यांनी अर्ज पाठवले. त्याला मोल होतंच, पण लंडनला खरा चटका बसला तो बहिष्काराचा. ३१ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या २००हून अधिक व्यापाऱ्यांनी कर उठेपर्यंत ब्रिटनचा माल न मागवण्याचं ठरवलं. फिलाडेल्फिया आणि बोस्टनने तीच वाट धरली. ब्रिटनमधले व्यापारी हवालदिल झाले. माल पडून, वसुली ठप्प. त्यांनीच पार्लमेंटकडे कर उठवण्याची मागणी लावून धरली.

१८ मार्च १७६६ला कर रद्द झाला. त्याच दिवशी, वसाहतींना ‘कोणत्याही बाबतीत’ कायदे लावण्याचा अधिकार आम्हाला आहे, असा दुसरा कायदाही मंजूर झाला. १७६७मध्ये त्याच अधिकाराने काच, कागद, शिसं, रंग आणि चहा यांवर जकात बसवली गेली.