सुनेच्या माहेरचे ह्युगेनॉट पूर्वज कसे शोधायचे?

तुमचा प्रश्न: सून केपटाउनची, माहेरचं आडनाव डिव्हिलियर्स, पूर्वज फ्रान्सचे ह्युगेनॉट (तिथले प्रोटेस्टंट ख्रिस्ती) असं ऐकलंय, नातीसाठी वंशावळ काढायची तर सुरुवात कुठून करायची?

सुरुवात सुनेच्या आजी-आजोबांपासून करा. वरचं टोक तसं ठाऊकच आहे. फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईने १६८५ मध्ये प्रोटेस्टंटांना धर्माची मोकळीक देणारा नांतचा फतवा रद्द केला, त्यांच्या उपासनेवर बंदी आली आणि साधारण दोन लाख माणसं देश सोडून गेली. त्यांतली मोजकी डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून केपला, म्हणजे दक्षिण आफ्रिकेतल्या आजच्या केपटाउनच्या परिसरात पोचली. पिएर, अब्राहम आणि जाक डिव्हिलियर्स हे तीन भाऊ १६८९ मध्ये आले.

खरी परीक्षा मधल्या पिढ्यांची. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, अशी तिथली रीत. त्यातून एकाच पिढीत चार-चार चुलतभाऊ ‘पीटर डिव्हिलियर्स’ निघतात आणि इंटरनेटवरच्या तयार वंशावळी बिनदिक्कत भलत्याच पीटरला बाप करून टाकतात. म्हणून तिथले अभ्यासक ए१, बी३, सी२ अशा खुणा वापरतात: ए म्हणजे मूळ पुरुष, बी३ त्याचं तिसरं अपत्य, सी२ त्या अपत्याचं दुसरं. प्रत्येक पायरीला कागद हवाच. एकोणिसाव्या शतकापासूनची ‘डेथ नोटिस’, म्हणजे मृत्यूनंतर सरकारदरबारी दिलेली माहिती, यासाठी फार कामाची. मृताचं जन्मस्थळ, आईवडील, जोडीदार, मुलं, सगळं एकाच पानावर असतं. मूळ कागद केपटाउनच्या अभिलेखागारात आहेत, पुष्कळसे फॅमिलीसर्च या वंशावळींच्या संकेतस्थळावर फुकट दिसतात. त्याआधीच्या काळासाठी डच रिफॉर्म्ड चर्चच्या बाप्तिस्म्याच्या नोंदी पाहा.

आणि कृपा करून फक्त आडनावाच्या मागे जाऊ नका. आपल्याकडे लग्नानंतर बाईचं नावच बदलायचं, त्यामुळे पणजीच्या पलीकडे ती कागदोपत्री हरवते. केपच्या नोंदींत आई माहेरच्या आडनावाने येते, म्हणून तिच्या बाजूनेही तितकंच वर जाता येतं. माझ्या जावयाचं आडनाव जर्मन वळणाचं, पण त्याच्या आजीच्या माहेराकडून शोधत गेले तेव्हा मारे आणि जूबेर ही दोन्ही ह्युगेनॉट घराणी सापडली.

याच वाटेवर एखादं नाव ‘फान बेंगाले’ असंही भेटेल. बंगालमधून गुलाम म्हणून नेलेल्या या बायका. त्यांतली अँजेला १६६६ मध्ये मुक्त झाली, १६६९ मध्ये तिने बासोन नावाच्या गोऱ्या वसाहतवाल्याशी लग्न केलं आणि आज कित्येक आफ्रिकानर (आफ्रिकान्स बोलणारी, युरोपीय वंशाची) घराणी तिच्यापर्यंत पोचतात. असं नाव आलं तर गाळू नका, ह्युगेनॉटांच्या बरोबरीने ठळक लिहा. तुमच्या नातीचं भारताशी नातं आईकडूनही निघू शकतं.

फ्रान्समधल्या नोंदींना हात सगळ्यात शेवटी घाला. आधी सुनेला तिच्या आजीचं माहेरचं नाव, गाव आणि मृत्यूचं अंदाजे वर्ष विचारा. तेवढं मला कळवलंत तर पहिली डेथ नोटिस आपण मिळून शोधू.